जतन झाले

आमच्या मंडळाच्या लॅपटॉपवर वर्गणीची पावती नोंदवली, की पडद्यावर हिरव्या अक्षरांत एक ओळ उमटायची : ‘जतन झाले. गणपती बाप्पा मोरया!’ ती वाचून नोंदवणाऱ्याला कर्तव्य पार पडल्याचं समाधान मिळायचं आणि वर्गणीदाराला आपले एकशे एक रुपये मधल्या कुठल्याही बँकेत न थांबता थेट वर पोहोचले असं वाटायचं. अख्ख्या गणेशोत्सवात कुणी शंका काढली नाही. मोरया म्हटल्यावर शंका काढायची पद्धत नाही. शंका निघाली ती पुढच्या वर्षी, हिशेब तपासनिसांनी वर्गणीदारांची यादी मागितली तेव्हा. मंडळ नोंदणीकृत न्यास आहे, जमाखर्च धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. सेक्रेटरींनी ऐटीत प्रोग्राम उघडला, ‘यादी’ हे बटण दाबलं आणि पडद्यावर आलं : ‘एकूण वर्गणीदार : ०. गणपती बाप्पा मोरया!’

सेक्रेटरींनी मला बोलावलं.

मी चाळीतला ‘कॉम्प्युटरमधला’. हे पद मिळायला शिक्षण लागत नाही. एकदा कुणाच्या तरी फोनची गेलेली रिंग परत आणून दिली की नेमणूक होते, आणि मग राजीनामा स्वीकारला जात नाही. या पदावर असताना मी आधार कार्डाला मोबाइल नंबर जोडलेत, गायब झालेल्या मालिका टीव्हीवर परत आणल्यात आणि एकदा मायक्रोवेव्हही तपासलाय, कारण त्यालाही आकडे होते. पोटासाठी मी लोअर परळला एका काचेच्या इमारतीत प्रोग्राम लिहितो. ती इमारत गिरणीच्या जागेवर उभी आहे. आजोबा गिरणीत साच्यावर होते. संध्याकाळी किती वार कापड निघालं ते त्यांना सांगता यायचं. मला घरी कुणी विचारलं, ‘आज काय केलंस?’ तर ‘काल जे चालत होतं ते आज का चालत नाही ते शोधत होतो’ यापलीकडे सांगण्यासारखं काही नसतं. आई विचारते, ‘आणि याचा पगार देतात?’

वर्गणीचा प्रोग्राम मात्र मी लिहिलेला नव्हता, हे मी कार्यालयात शिरताना, बसताना आणि चहा घेताना सांगितलं. तो तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लिहिला होता. प्रोजेक्टला पहिला नंबर आला, मंडळाने शाल-श्रीफळ दिलं, नगरसेवकांनी मंडळाला आपलं छायाचित्र चिकटवलेला लॅपटॉप भेट दिला आणि मुलगा टोरोंटोला गेला. त्याला फोन लावला.

‘दादा, माझ्या मशीनवर चालतं.’

‘तुझं मशीन कुठाय?’

‘विकलं.’

राहिले खजिनदार काका. काका परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून स्टोअर्सचे क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. त्यात गेल्या वर्षीची सगळी वर्गणी ओळीने लिहिलेली होती, प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. काकांचा कॉम्प्युटरवर राग नाही, फक्त विश्वास नाही. प्रोग्राम आला त्या दिवसापासून त्यांनी वही गुपचूप चालू ठेवली होती. ठरलं असं, की मी प्रोग्राम दुरुस्त करायचा, काकांनी वही वाचायची आणि मी नावं पुन्हा भरायची. काका म्हणाले, ‘झिला, चार दिवसांचा काम.’ काकांनी उभं आयुष्य रेल्वेत काढलंय, तेव्हा वेळेबाबत त्यांचं बोलणं मी मनावर घेतलं नाही.

कोड उघडला. जतन करण्याच्या जागी मुलाने लिहिलं होतं ते मराठीत सांगायचं तर असं : प्रयत्न कर, नाही जमलं तर ‘पास’. पायथनमध्ये ‘पास’ म्हणजे काही करू नकोस, पुढे हो. आणि पुढच्या ओळीत हिरवी अक्षरं. म्हणजे नोंद झाली तरी ‘जतन झाले’, नाही झाली तरी ‘जतन झाले’, आणि लॅपटॉपला कुणी आग लावली असती तरी शेवटचा शब्द ‘मोरया’च असता. असं का केलंस, विचारलं तर मुलगा म्हणाला, ‘दादा, डेमोला अध्यक्ष होते. लाल अक्षरं बघून घाबरले असते.’ वाईट बातमी मोठ्यांच्या कानावर जाऊ द्यायची नाही, हे घरातलं वळण मुलगा विसरला नव्हता.

मी तो ‘पास’ काढला. दुसऱ्या दिवसापासून प्रोग्राम खरं बोलू लागला आणि तिथून माझे दिवस फिरले. आधी जे एरर निमूटपणे गिळले जात होते ते आता लाल चौकटीत, इंग्रजीत, आवाज करून येऊ लागले. सेक्रेटरी माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुम्ही हात लावेपर्यंत हा प्रोग्राम एकदाही चुकला नव्हता.’ हे खरंच होतं. त्यावर काय बोलणार?

पहिली भानगड कमिटची निघाली. पायथनमधून डेटाबेसात नोंद घातली, की ती लगेच पक्की होत नाही. ‘कमिट’ म्हणावं लागतं. तोवर ती नोंद घालणाऱ्यालाच दिसते. बेरीज बरोबर येते, यादी बरोबर येते, आणि कमिट न म्हणता प्रोग्राम मिटला, की सगळं काही घडलंच नव्हतं असं होतं. मुलाने कमिट लिहिलं होतं, पण एका वेगळ्या बटणात. पडद्याच्या अगदी तळाशी ते बटण होतं आणि त्यावर लिहिलं होतं, ‘दिवस बंद करा’.

‘हे बटण रोज रात्री दाबायचं होतं,’ मी म्हणालो.

‘बंद करा?’ काका दचकले. ‘गणपतीच्या दिवसांत? दुकानदारसुद्धा दुकान बंद करतंय म्हणत नाही, वाढवतंय म्हणतो.’

सगळ्या कमिटीचं यावर एकमत होतं. उत्सवात ‘बंद करा’ लिहिलेल्या बटणाला शहाणा माणूस बोट लावत नाही, आणि मंडळात सगळेच शहाणे. त्या वर्षी एकाच पोराने अधूनमधून ते दाबलं होतं, तेही त्याला रात्रीचा पिक्चर गाठायचा होता म्हणून. मी बटणाचं नाव बदलून ‘दिवस वाढवा’ केलं. तेव्हापासून काका ते दर पाच मिनिटांनी दाबतात. कमिट वारंवार होतं, उत्तम चाललंय. काका दाबतात ते मात्र वर्गणी वाढेल म्हणून.

पुढची भानगड मी सभेत सांगायला नको होती असं सगळे म्हणतात. झालं होतं इतकंच, की मुलाने डेटाबेसच्या फाइलचा पूर्ण पत्ता दिला नव्हता, फक्त नाव दिलं होतं. अशा वेळी प्रोग्राम ज्या फोल्डरातून सुरू झाला असेल तिथे ती फाइल शोधली जाते, आणि सापडली नाही तर कसलाही गाजावाजा न करता नवी कोरी फाइल तयार होते. पडद्यावरच्या आयकॉनवरून सुरू केलं, तर एक. फोल्डरात जाऊन सुरू केलं, तर दुसरी. पेन ड्राइव्हवरून सुरू केलं, तर तिसरी. पिक्चर गाठणाऱ्या पोराने कमिट केलेल्या नोंदी यांतल्या कुठे ना कुठे होत्या. मी सभेत उभा राहून सरळ मनाने म्हणालो, ‘मंडळाच्या हिशेबाच्या तीन वह्या सापडल्या आहेत.’

क्षणभर पंख्याचा आवाज तेवढा ऐकू आला. मग माजी अध्यक्ष उठले.

‘मी काय सांगत होतो? चार वर्षं सांगतोय!’

‘साहेब, तसं नाही, या कॉम्प्युटरमधल्या...’

‘तीन वह्या! आम्ही होतो तेव्हा एक वही होती!’

‘आणि ती पण दाखवत नव्हतात!’ मागून कुणीतरी ओरडलं.

डेटाबेस बाजूला राहिला आणि एका जुन्या वर्षीच्या मंडपाच्या कनातीचं भाडं निघालं. मांडववाला कोणाचा साडू, महाप्रसादाची उरलेली तुपाची डबी कोणाच्या घरी दिसली, हे सगळं सविस्तर झालं. सभा संपताना ‘फाइलचा पूर्ण पत्ता लिहावा’ असा ठराव मंजूर झाला. सूचक मी, अनुमोदक तुपाच्या डबीवाले.

यात डेटाबेसचा काही दोष नाही हे न्यायासाठी सांगायला हवं. हा एसक्यूलाइट. संपूर्ण डेटाबेस एका फाइलीत, वेगळा सर्व्हर नाही, सांभाळायला माणूस नको. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही तोच आहे. रिचर्ड हिप नावाच्या गृहस्थांनी २००० साली तो लिहायला घेतला, आणि निमित्त होतं अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेवर वापरायच्या एका प्रोग्रामचं. भर समुद्रात डेटाबेसची देखभाल करायला तज्ज्ञ कुठून आणणार, म्हणून असा डेटाबेस. डिस्क भरली तर, मेमरी संपली तर, लिहिता लिहिता वीज गेली तर काय होईल, याची सोंगं वठवून त्याच्या चाचण्या घेतल्या जातात. क्षेपणास्त्रांच्या नौकेसाठी जन्मलेली ही वस्तू परळला जिन्याखालच्या कार्यालयात आली, तोवर तिने सगळे शत्रू पाहिले होते. अध्यक्षांचा भाचा पाहिला नव्हता.

भाच्याने काय केलं? काका एका संध्याकाळी नावं सांगत होते, मी भरत होतो, आणि अचानक लाल चौकट आली : ‘डेटाबेस इज लॉक्ड’. मी ते मोठ्याने वाचलं.

‘कुलूप मियाच लावलंय,’ काका म्हणाले. ‘चावी माझ्याकडे आसा.’ त्यांनी लोखंडी कपाटाचं कुलूप उघडून दाखवलं. आत गेल्या वर्षीचे टिळे लावलेले नारळ होते.

एका वेळी एकालाच लिहू देण्याचा एसक्यूलाइटचा नियम आहे. दुसऱ्याने लिहायला घेतलं असेल, तर पायथन आपल्या बाजूने पाच सेकंद वाट बघतो आणि मग हात वर करतो. पाच सेकंद! आपल्याकडे रेशनच्या दुकानात लोक पाच तास थांबतात. पण पाच तासांनीही उपयोग झाला नसता. भाच्याने फोल्डर ‘शेअर’ करून घेतला होता आणि वरच्या मजल्यावर बसून फाइल उघडली होती. मामांच्या नावापुढचे ५०१ त्याने ५००१ केले होते, ‘जतन करा’ न म्हणता आपला लॅपटॉप तसाच उघडा ठेवला होता आणि भारतमाताला सिनेमा बघायला गेला होता. मध्यंतरात त्याला फोन केला.

‘अरे, बदल जतन कर नाहीतर रद्द कर, पण सोड ती फाइल.’

‘मामांना विचारून सांगतो.’

मामांनी दोन्ही आकड्यांच्या मधला एक आकडा सुचवला.

यानंतर सेक्रेटरींना वाटलं, फाइल सगळ्यांच्या हाती लागते हेच चुकतं. त्यांनी अख्खा फोल्डर उचलून विंडोजच्या ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये नेऊन ठेवला. म्हणाले, प्रोग्राम आहे, प्रोग्रामच्या जागी ठेवला. तिथे विंडोज साध्या माणसाला लिहू देत नाही. लगेच ‘रीडओन्ली’ असल्याची लाल चौकट. सेक्रेटरींना तो कारभार फार आवडला. ‘वाचता येतं, बदलता येत नाही. हिशेब असाच पाहिजे!’ नवी वर्गणी कुठे लिहायची, या माझ्या प्रश्नावर त्यांनी काकांच्या वहीकडे बोट दाखवलं.

फोल्डर मी परत जागेवर आणला, तर डिस्क भरली. परळच्या मूर्तिकारांच्या वर्कशॉपमधून मूर्ती निघते त्या आगमनाचे व्हिडिओ, ड्रोनचे वेगळे, ढोलताशाचे वेगळे, आणि बहुतेक सगळ्यांत अर्धा वेळ समोरच्याचा वर केलेला मोबाइलच दिसणारा. मी म्हणालो, यातले काही उडवूया. सगळे माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी विसर्जनाआधी विसर्जन सुचवलं. ‘बाप्पाचा व्हिडिओ डिलीट करणार?’ कुणाचाही हात पुढे होईना. शेवटी सर्वानुमते माझी एक फाइल उडवण्यात आली. ती प्रोग्रामची राखीव प्रत होती. तिच्यात बाप्पा कुठेच दिसत नव्हता.

खरा घाव बसला तो पावसाळ्यात. त्या दिवशी हिंदमाताला पाणी भरलं होतं. ते ओसरावं म्हणून पालिकेने जवळच्या मैदानांखाली मोठमोठ्या टाक्या बांधल्यात. आमच्या भागात साठवण्याच्या बाबतीत पाण्याइतका यशस्वी दुसरा कुणी नाही. बाहेर पडता येत नव्हतं म्हणून मी आणि काका झपाट्याने नावं भरत होतो. शेवटची पानं आली होती. काकांनी ‘दिवस वाढवा’ दाबलं आणि त्याच क्षणी लॅपटॉप काळा झाला. बेस्टची वीज जात नाही हो, आमच्या वाट्याला ते भाग्यच नाही. रोषणाईवाल्याने माळा तपासायला प्लग काढला होता. लॅपटॉपची बॅटरी नगरसेवकांच्या मागच्या कार्यकाळातच गेली होती.

मी घाबरलो नाही. एसक्यूलाइट हा जुन्या मुनिमाच्या शिस्तीचा आहे : खतावणीला हात लावण्यापूर्वी तो शेजारी एका रोजकीर्दीत लिहून ठेवतो, की या पानावर आधी काय होतं. मधेच दिवे गेले, तर पुन्हा आल्यावर ती रोजकीर्द वाचून खतावणी होती तशी करतो. फार तर शेवटच्या काही नोंदी जातात, वही फाटत नाही. मी काकांना हे समजावलं. काकांना पटलं, स्टोअर्समध्ये त्यांनी जन्मभर तेच केलं होतं. मी निर्धास्त मनाने घरी जाऊन जेवलो.

तेवढ्यात सेक्रेटरींनी लॅपटॉप सुरू केला. फोल्डरात त्यांना आपल्या फाइलीच्या नावाशेजारी त्याच नावाची, शेपटी लावलेली आणखी एक फाइल दिसली.

‘डुप्लिकेट होती,’ त्यांनी मला नंतर सांगितलं. ‘तुम्हीच म्हणाला होता ना, एकच वही पाहिजे? उडवली.’

ती रोजकीर्द होती. आता खतावणीची अर्धी पानं नवी आणि अर्धी जुनी. लाल चौकटीत आलं, ‘मालफॉर्म्ड’. एसक्यूलाइटच्या लोकांनी आपला डेटाबेस कोणकोणत्या प्रकारे बिघडवता येतो, याचं एक सविस्तर प्रकरणच लिहून ठेवलंय. रोजकीर्द उडवणं त्यात आहे. नेटवर्कवरच्या शेअर केलेल्या फोल्डरात कुलपं धड न चालणं त्यात आहे. मी ते सभेपुढे ठेवलं, तर आता उरलेलं कधी, असं एकाने विचारलं.

त्या प्रकरणात आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती मला जास्त लागली. प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो, ‘लिहिलंस?’ ती म्हणते, ‘लिहिलं.’ वास्तविक तिने ते मेमरीत ठेवलेलं असतं. म्हणून ‘एफसिंक’ नावाचा हुकूम असतो, की आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव. ती डिस्कला विचारते. घरगुती वापराच्या बऱ्याच डिस्का म्हणतात, ‘उतरलं,’ आणि तेव्हा ते त्यांच्या स्वतःच्या छोट्या मेमरीत असतं. खालपासून वरपर्यंत सगळे ‘झालं, झालं’ म्हणत असतात. २०१८ साली पोस्टग्रेस या बड्या डेटाबेसवाल्यांच्या लक्षात आलं, की लिनक्सवर एफसिंक एकदा फसला आणि त्यांनी पुन्हा विचारलं, तर दुसऱ्या खेपेला ‘झालं’ असं उत्तर येऊ शकतं. काहीही न होता. इतकी वर्षं ते दुसऱ्या उत्तरावर विसंबून होते. पुढच्या वर्षी त्यांनी वागणं बदललं : पहिल्या नकारालाच सगळं काम टाकून बंद पडायचं, आणि पुन्हा उठून आपली रोजकीर्द वाचायची. शहाणी माणसं. आमच्या घराच्या नळदुरुस्तीवाल्याला मी असाच दुसऱ्यांदा विचारतो, आणि मलाही दरवेळी ‘झालंय’ हेच ऐकू येतं.

तर पुन्हा काकांची वही, पुन्हा पहिलं पान. या वेळी प्लगला मी चिकटपट्टी लावली, सेक्रेटरींना गावी पाठवलं आणि भाच्याला सिनेमाचे पैसे दिले. नावं भरून झाली. हिरव्या अक्षरांत ‘जतन झाले’ आलं, आणि मी फाइल उघडून, बंद करून, पुन्हा उघडून पाहिलं : खरंच झालं होतं. बेरीज वहीशी तंतोतंत जुळली. मग बँकेचं पासबुक आणि रोखीचा हिशेब मांडला. प्रोग्राममध्ये वर्गणी जास्त होती, पैसे कमी होते.

मी पुन्हा कोड बघायला घेतला. काकांनी चष्मा पुसला.

‘काका, हे बाराव्या ओळीचे पाचशे एक आले का?’

‘इले समज.’

‘समज म्हणजे?’

‘दरवर्षी देता तो.’

‘गेल्या वर्षी दिले?’

‘गावाक गेलो होतो. देवाच्या कामाक कोण बुडवतलो?’

‘आणि ही खूण?’

‘तो नाय म्हणाक नाय, म्हणून केलंय.’

अशा खुणा बऱ्याच निघाल्या. कुणी जिन्यात भेटून ‘लिहून ठेवा’ म्हटलं होतं, कुणाच्या बायकोने ‘हे आले की देतील’ म्हटलं होतं, एकाने नुसती मान हलवली होती. सगळ्यांपुढे सारखीच, ठसठशीत बरोबरची खूण. शेवटून दुसरी ओळ टोरोंटोच्या मुलाची, अकराशे एक. मी तिथेच त्याला फोन लावला.

‘दादा, मी तर गेल्या वर्षीच पाठवले. माझ्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत “यशस्वी” आलं होतं.’

फोन स्पीकरवर होता. काकांनी माझ्याकडे बघितलं, ‘बघलंस?’ म्हणाले, खिशातून निळं पेन काढलं आणि त्या ओळीपुढे पहिल्या खुणेला चिकटून दुसरी खूण केली.